कोर्स नंतर बघू, आधी छेद कुठाय ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. विचारणाऱ्या बीएएमएस डॉक्टर आहेत, उत्तरेश्वर पेठेत सासऱ्यांचं जुनं क्लिनिक आता त्याच चालवतात, मुलगा दोन वर्षांचा, त्यामुळं कोल्हापूर सोडून कुठं जाणं जमत नाही. गुडघेदुखीला त्यांचा एक लेप आहे, "80 टक्के लोकांना गुण येतो" म्हणतात, त्यावर नीट अभ्यास करायचाय आणि त्यासाठी रिसर्च मेथड्स शिकायच्यात. क्लिनिकल रिसर्चचा ऑनलाइन डिप्लोमा करू, एमपीएच म्हणजे पब्लिक हेल्थची मास्टर्स डिग्री करू, का फुकटचे कोर्स पुरतील? गणित दहावीनंतर सोडलंय, स्टॅटिस्टिक्स झेपेल का? आणि जाता जाता, नवीन लॅपटॉप घ्यावा लागेल का.

डॉक्टर, मी पीएसएमचा माणूस, म्हणजे आता ज्याला कम्युनिटी मेडिसिन म्हणतात ते. वीस-बावीस वर्षं पीजीच्या पोरांचे सिनॉप्सिस आणि थिसिस तपासण्यात गेली, त्याआधी स्वतःचा एक थिसिस बिघडवलाय, तोही पुढं सांगतोच. कोर्सचं नंतर बोलू, आधी तुमचे ते 80 टक्के बघू, कारण त्यातच तुमचा निम्मा कोर्स बसलाय.

80 टक्के म्हणजे अंश भागिले छेद. अंश मला कळला, "बरं वाटलं" म्हणणारे. छेद कुठाय? समजा वर्षात गुडघ्याचे 100 जण आले, त्यातले 50 परत दाखवायला आले आणि त्यातले 40 म्हणाले बरं वाटतंय, तर तुमचे 80 टक्के इथून आले. बाकीचे 50 कुठं गेले? काही बरे झाले म्हणून आले नाहीत, काही लेपानं पुरळ उठलं म्हणून आले नाहीत, काहीजण सरळ राजारामपुरीत ऑर्थोपेडिककडं जाऊन इंजेक्शन घेऊन आले आणि तुम्हाला तोंड दाखवायला लाजतायत. सगळे बरे झाले धरलं तर 90 टक्के, एकही नाही धरलं तर 40 टक्के. म्हणजे तुमच्याकडं उत्तर आहे "40 ते 90 मधलं काहीतरी", आणि तुम्ही मनात धरलंय 80.

दुसरं म्हणजे माणूस डॉक्टरकडं कधी येतो? दुखणं चढाला लागलेलं असताना. गुडघा महिनाभर कमीजास्त होत असतो, सगळ्यात जास्त ठणकतो त्या आठवड्यात पेशंट तुमच्या दारात, मग पुढच्या आठवड्यात काही लावा नायतर लावू नका, थोडं उतरणारच. ते उतरणं लेपाच्या नावावर जमा होतं. ॲलोपॅथीतही हेच होतं बरं का, फक्त आयुर्वेदाला बोल लावत नाही मी. म्हणून तुलनेला दुसरा गट लागतो.

छेदाचं महत्त्व कळायला आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण पुरेसं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली आणि 1989 साली लॅन्सेटमध्ये छापलं, की 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. आता विचार करा, तोपर्यंत जे काही माहीत होतं ते दवाखान्यात आलेल्यांवरून, म्हणजे छेदच चुकीचा. त्यांनी केलं काय, तर छेद दवाखान्यातून उचलून गावात नेऊन ठेवला. एपिडेमिऑलॉजी म्हणजे बऱ्याच अंशी एवढंच हो, छेद योग्य जागी नेऊन ठेवणं, बाकी सगळं त्यामागून येतं.

आता माझा थिसिस. विषय होता मिसरी आणि कमी वजनाची बाळं. केस म्हणजे कमी वजनाचं बाळ झालेल्या आया, कंट्रोल म्हणजे त्याच वॉर्डात नीट वजनाचं बाळ झालेल्या. फॉर्मवर प्रश्न छापला होता "आपण तंबाखूचे सेवन करता का?" सगळ्या "नाही". एक नाही, दोन नाही, सलग दहाबारा जणी नाही म्हणाल्यावर वॉर्डातल्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, डॉक्टर तुम्ही तंबाखू विचारताय, त्या मिसरी लावतात, मिसरीला कोण तंबाखू म्हणतंय? मग मी प्रश्न बदलला, "दात कशानं घासता, दिवसातनं किती वेळा?" लगेच उत्तरं यायला लागली, सकाळी एकदा, जेवल्यावर, झोपताना, आणि कुणाकुणाच्या कमरेच्या पिशवीत डबीच निघायची. पण ती खुशी चार दिवस टिकली. कमी वजनाचं बाळ झालेल्यांना सिस्टरनी आधीच झापलेलं असायचं, मिसरी लावतीस म्हणून असं झालं, त्यामुळं त्या एकतर आठवून आठवून सांगायच्या नायतर पार नाकारायच्या. दुसऱ्या गटात बऱ्याचदा सासू शेजारी बसलेली, तिच्यासमोर नवी सून काय कबूल करणार? म्हणजे दोन गटांना एकच प्रश्न, पण विचारला जातोय दोन वेगळ्या वातावरणात. शेवटी जो काही ऑड्स रेशो (दोन गटांतल्या मिसरीच्या सवयीची तुलना करणारा आकडा) आला तो मिसरीचा होता का सासूचा होता हे मला आजही सांगता येणार नाही. थिसिस पास झाला हो, परीक्षकांनी विचारलं नाही, पण पुस्तकात रिकॉल बायस, म्हणजे दोन गटांच्या आठवण्या-सांगण्यातल्या फरकानं होणारी चूक, तीन वेळा वाचूनही जे कळलं नव्हतं ते त्या वॉर्डात कळलं. तेव्हा तुमच्या फॉर्मवरचे प्रश्न पहिल्यांदा पाच-सहा पेशंटना विचारून बघा, जमलं तर नातेवाईक बाहेर बसवून, आणि मावशींना दाखवायला विसरू नका.

आता कोर्सकडं येतो. "क्लिनिकल रिसर्च" या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि कोल्हापुरातनं चौकशी करणाऱ्याला त्यातला फरक कुणी सांगत नाही. एक आहे इंडस्ट्रीचं ट्रेनिंग, म्हणजे कंपनीच्या औषधाची ट्रायल चालते तिथं कोऑर्डिनेटर किंवा मॉनिटर म्हणून काम करायचं, जीसीपी म्हणजे ट्रायल नीट चालवायचे नियम, कन्सेंट फॉर्म, केस रिपोर्ट फॉर्म, साइड इफेक्ट कळवायच्या मुदती, 2019 चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, फार्माकोव्हिजिलन्स म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं. हे काम चांगलं आहे, नोकऱ्या पुण्यामुंबईत, बंगळुरात आहेत, पण तिथं प्रश्न कंपनीनं आधीच ठरवलेला असतो, तुम्ही तो नियमानं राबवायचा. तुमचा लेप चालतो का हे कसं शोधायचं ते या डिप्लोमात शिकवत नाहीत किंवा ओझरतं शिकवतात. आणि "हमखास प्लेसमेंट" म्हणून साठ-सत्तर हजार मागणारे ऑनलाइन डिप्लोमे तर लांबच ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे खरंखुरं मेथड्सचं शिक्षण, एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्स. त्याला एमपीएच हा राजरस्ता आहे. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्राचं अच्युत मेनन सेंटर 1997 पासून एमपीएच चालवतंय, चेन्नईला आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी (एनआयई) आहे, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणजे टिस आहे, पुण्यात आपल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात आहे. यातली बरीच पूर्णवेळ आणि दोन वर्षांची, म्हणजे मुलाला घेऊन घर उचलून जावं लागेल. लंडन विद्यापीठाचं एपिडेमिऑलॉजीचं किंवा क्लिनिकल ट्रायल्सचं एमएस्सी घरबसल्या करता येतं, लंडन स्कूल ऑफ हायजीनचे लोक शिकवतात आणि दर्जा एक नंबर, पण फी बघून सासरे क्लिनिक परत मागतील. पुढंमागं मूल मोठं झालं, स्कॉलरशिप मिळाली तर जरूर बघा, आज नको.

आज काय कराल तर एनआयईचा "हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स" कोर्स एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे, शिकायला फुकट, सर्टिफिकेट पाहिजे असेल तर परीक्षेची फी. छोटे छोटे व्हिडिओ आहेत, पोरगं झोपल्यावर रोज एक होतो. याच संस्थेचा बेसिक कोर्स एमडी-एमएसच्या पोरांना बंधनकारक आहे आणि तिथं मी गंमत बघतो, पोरं व्हिडिओ दुप्पट स्पीडनं पळवतात, एमसीक्यू मित्राला विचारून टाकतात, सर्टिफिकेट लॅमिनेट करतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं 4 पी क्यू, म्हणजे किती पेशंट घ्यायचे त्याचं सूत्र, चुकवून बसतात. कोर्स वाईट नाही, तुमच्या हातात तुमचा स्वतःचा प्रश्न नसेल तर कुठलाही कोर्स अंगाला लागत नाही. म्हणून माझं म्हणणं, लेपाचा प्रश्न शेजारी वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक व्हिडिओ झाला की "हे माझ्या गुडघ्यांना कसं लागू पडतं" याचं एक वाक्य लिहा. ज्या दिवशी वाक्य सुचत नाही तो व्हिडिओ परत बघा.

4 पी क्यू निघालंच आहे तर दाखवतोच, कारण गणिताची भीती इथंच जाते. किती पेशंट घ्यायचे याचं सगळ्यात साधं सूत्र, 4 पी क्यू भागिले एल स्क्वेअर. पी म्हणजे अंदाजे प्रमाण, समजा 20 टक्के. क्यू म्हणजे उरलेले 80. एल म्हणजे तुम्हाला चालणारी चूक. चूक 5 धरली तर 6400 भागिले 25, उत्तर 256. आता एखादा पोरगा 20 टक्के चूक म्हणतो आणि मनात 20 च्या 20 टक्के, म्हणजे 4 धरतो, तर 6400 भागिले 16, उत्तर 400. दोन्ही बरोबर, पण कुठली चूक धरली ते लिहायला पाहिजे. आणि तिसरा पोरगा हुशार, त्याला माहितेय की वर्षभरात साठ-पासष्टच पेशंट मिळणार, तो एल 10 करतो, 6400 भागिले 100, चौसष्ट, झालं काम! पण मग त्याचं उत्तर काय येणार, तर दहा ते तीस टक्के. एवढं तर बिंदू चौकात चहा पिता पिता कुणीही सांगेल, त्यासाठी थिसिस कशाला. हे सगळं दहावीचंच गणित आहे बघा. तुमच्या दोन गटांच्या तुलनेला सूत्र वेगळं लागेल, ते ओपनएपी नावाच्या फुकट साइटवर आकडे टाकले की निघतं, पण किती फरक पडला तर पेशंटला जाणवेल हा आकडा तुम्हीच द्यायचा, तो कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही.

अजून एक सोपं गणित, तुम्हाला उपयोगी. 60 जणांना लेप लावला आणि एकालाही ॲलर्जी आली नाही, म्हणून "पूर्ण सुरक्षित" लिहायचं नाही. शून्य आलं की 3 भागिले पेशंटची संख्या करायची, 3 भागिले 60, म्हणजे खरं प्रमाण 5 टक्क्यांपर्यंत असू शकतं. वीसात एक! शून्याला पण छेद असतो.

पी व्हॅल्यूबद्दल (म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) लोक उगाच घाबरतात आणि उगाच पूजाही करतात. 0.05 च्या खाली आली की पेढे, 0.06 आली की तोंड पाडून बसायचं. आपण कोल्हापूरकरांना हे समजायला सोपं पाहिजे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. म्हणून 42 फूट 11 इंचाला सगळं कोरडं आणि 43 ला एकदम पूर असं 2019 मध्ये कुणी म्हटलं का? रेषा कामासाठी आखलेली असते, पाणी हळूहळूच चढतं. तेव्हा पी व्हॅल्यू बघाच, पण आधी फरक किती पडला आणि त्याची रेंज काय, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, ते बघा. दुखण्याच्या दहाच्या स्केलवर अर्ध्या मार्काचा फरक पी 0.001 नं सिद्ध झाला तरी आजी जिना चढताना शिव्याच देणार.

दोन गट करायचे म्हणजे चिठ्ठ्या टाकायच्या, रँडमायझेशन. इथं एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका हॉस्पिटलात शुगरच्या पेशंटच्या पायाच्या जखमेवर दोन ड्रेसिंगची तुलना चालली होती, केसपेपरचा नंबर विषम आला तर नवीन ड्रेसिंग, सम आला तर जुनं. सोपी पद्धत, सगळ्यांना माहीत, आणि तिथंच घात. केसपेपरच्या खिडकीवर स्टाफचे पाहुणे आले की ते मुकाट्यानं एक माणूस पुढं सोडायचे, नंबर विषम पडावा म्हणून. ही माणसं घरची बरी, चप्पल चांगली, शुगर तपासणारी. नवीन ड्रेसिंग जिंकलं यात नवल काय. नंतर पाकिटं आणली, तर ती एवढी पातळ की ट्यूबलाइटसमोर धरली की आतलं ए का बी दिसायचं. शेवटी आत ॲल्युमिनियमचा फॉइल घालून, पाकिटावर आधी पेशंटचं नाव आणि वेळ लिहून मगच फोडायचं, असं केल्यावर गाडी रुळावर आली. तुम्ही एकट्याच डॉक्टर, तेव्हा पाकिटं तुमच्या हातात नकोतच, नणंद किंवा मेडिकलवाल्या भाऊंकडं ठेवा, पेशंट अभ्यासात घेतला, नाव लिहिलं, की मगच फोन करून विचारायचं.

"पण आयुर्वेदात प्रत्येकाचं औषध वेगळं, मग ट्रायल कशी होणार" असं तुमच्यातले बरेच जण म्हणतात. होते. कोइमतूरला संधिवातावर (ऱ्हुमॅटॉइड) झालेली ट्रायल 2011 मध्ये छापून आली, 43 पेशंट, तीन गट, एका गटात वैद्यांनी प्रकृती बघून प्रत्येकाला वेगळं दिलेलं आयुर्वेदिक औषध आणि मेथोट्रेक्सेट या ॲलोपॅथीच्या औषधाची खोटी गोळी, दुसऱ्यात खरं मेथोट्रेक्सेट आणि खोटं आयुर्वेदिक, तिसऱ्यात दोन्ही खरी. कोण कुठल्या गटात हे पेशंटलाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. 43 म्हणजे फार छोटी, त्यावरून कुणी जिंकलं म्हणता येत नाही, पण असं करता येतं हे दिसलं. तुमच्या लेपाला वास असणार, त्यामुळं खोटा लेप बनवणं अवघड जाईल, मग निदान गुण मोजणारा माणूस तरी वेगळा ठेवा ज्याला गट माहीत नाही.

एका वेळी एक माणूस निवडणं जमत नसेल तर अख्खी गावं निवडतात हेही लक्षात असू द्या, आपल्या धाराशिव जिल्ह्यातच, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची ट्रायल अशी झाली, 497 गावं, त्यांचे 52 गट आणि 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, निकाल 2009 ला. एचपीव्ही, म्हणजे तो कॅन्सर करणारा विषाणू, त्याची एकच तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आणि कंट्रोल गटाला तपासणी न देणं बरोबर होतं का यावर नंतर बरंच रण पेटलं, ते पण वाचा, एथिक्सचा चॅप्टर त्यात आपोआप होतो.

एथिक्सवरनं, "माझंच क्लिनिक, माझेच पेशंट, परवानगी कशाला" असं नका म्हणू. दोन पानांचा प्रोटोकॉल लिहा आणि गावातल्या एखाद्या कॉलेजातला गाईड धरून तिथल्या एथिक्स कमिटीपुढं ठेवा, कमिटी डिपार्टमेंट ऑफ हेल्थ रिसर्चकडं नोंदलेली आहे ना तेवढं विचारून घ्या. ट्रायल असेल तर सीटीआरआय या देशाच्या ट्रायल नोंदवहीत ऑनलाइन नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी, नंतर नाही, ती फुकट आहे. गाईड आयुर्वेदाचाच पाहिजे असं नाही, तुमच्या चुका तोंडावर सांगणारा पाहिजे. शिवाजी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सचा विभाग आहे, तिथल्या एखाद्या एमएस्सीच्या पोराला प्रोटोकॉल लिहितानाच सामील करून घ्या. डेटा गोळा करून झाल्यावर स्टॅटिस्टिशियनकडं जाणं म्हणजे बाळंतपण झाल्यावर सोनोग्राफीला जाणं.

पण ट्रायल पहिल्या वर्षी नकोच. पहिलं वर्ष नुसतं मोजा. गुडघेदुखीचा येणारा प्रत्येक पेशंट, सुटता नये, ओळीनं रजिस्टरला. पहिल्या दिवशी दुखणं दहापैकी किती, मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, मग दोन आणि सहा आठवड्यांनी फोन, आले तरी आणि नाही आले तरी. जे आले नाहीत त्यांच्या मागं लागणं हाच तुमचा खरा अभ्यास. वोमॅक नावाची गुडघ्याची प्रश्नावली जगभर वापरतात, तिची आपल्या सवयींना जुळवून घेतलेली आवृत्ती पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनं वापरलेली आहे, ती मिळवून बघा. सहा आठवड्यांनी 100 पैकी 85 जणांचं तरी उत्तर तुमच्याकडं असेल तर तुम्ही माझ्या निम्म्या पीजींच्या पुढं आहात.

लॅपटॉप नको. आहे तो चालतो, आकडेमोडीची जामोवी आणि आर ही सॉफ्टवेअरं दोन्ही फुकट आहेत. फॉर्म मोबाइलवर भरायला कोबोटूलबॉक्स नावाच्या टूलमध्ये बनवा. एक्सेलमध्येच भरणार असाल तर एक सांगून ठेवतो, दुखण्याचा स्कोअर 7/10 असा टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करतं, जुलैची नायतर ऑक्टोबरची, आणि सहा महिन्यांनी तुम्ही कपाळाला हात लावून बसता. नुसतं 7 लिहा. लिंगाच्या कॉलममध्ये एकदा "स्त्री", एकदा "एफ", एकदा "फिमेल" असं नको, सगळीकडं एकच. आणि माहिती मिळाली नाही तिथं शून्य भरू नका, मोकळं ठेवा, शून्य म्हणजे दुखत नाही. पहिल्या वीस ओळी भरून झाल्या की दाखवा, कोर्स कुठला ते तेव्हा ठरवू.